डिक्कीतले पाच गोटे

गुलाबचंद शेठच्या पांढऱ्या ॲम्बेसेडरच्या डिक्कीत स्टेपनीशेजारी एक पोतं असायचं आणि त्या पोत्यात चुन्यानं रंगवलेले पाच गोटे. शिरपुरात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि सगळ्यांना तिची गंमत वाटायची. स्टँडवरचा पानवाला ड्रायव्हर देवमनला हटकून विचारायचा, "काय मंग, आज गोट्याचा भाव काय?" शेठ स्वतः महिन्यातून एकदा तरी कुरकुरायचे, "अरे, रस्त्यावर गोट्याची कमी हाय का? घरचे कायले वाहून राह्यला? पेट्रोल का फुकट भेटते?" देवमन मान खाली घालून हसायचा. चुना उडाला की गोट्यांना नवा हात मात्र न चुकता द्यायचा.

बबनरावांना त्या गोट्यांचं कधी हसू आलं नव्हतं. पण तसं त्यांनी कुणाला सांगितलंही नव्हतं. ते शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. गावच्या छोट्या वाचनालयाची दोन कपाटं सांभाळायचे. चारचौघांत बोलायची वेळ आली की ते चष्मा पुसत बसायचे. एखादं मत झालंच, तर ते मनातल्या मनात इतक्या वेळा तपासायचे की तोवर बोलणाऱ्यांचा विषय बदललेला असायचा.

चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर शेठनी त्यांना पेढीवर बोलावून घेतलं. शेठचे जावई शिखरचंद पश्चिम जर्मनीत, बॉनच्या आपल्या वकिलातीत अधिकारी होते. पौष महिन्यात ते देवदर्शनाला शिरपुरात येणार होते आणि जाताना घरच्या गाडीसाठी इकडचा एक खात्रीचा ड्रायव्हर नेणार होते. शेठकडे माणसं दोन होती. एक देवमन, किन्हीराजा गावचा, चौथी शिकलेला. दुसरा लखीराम, शेठच्या सरकी-कापसाच्या ट्रकवरचा. त्यानं मुंबईत दोन वर्षं टॅक्सी चालवली होती आणि तो इंग्रजी पाट्या वाचायचा.

"जवाईबापूंनी हे पुस्तक धाडलं," शेठ म्हणाले. "तिथं गाडीत काय काय ठेवा लागते, त्याचा कायदा हाय म्हनते. आल्यावर दोघायची परीक्षा घेनार. गुरुजी, तुमी हे मराठीत करून दोघायले समजून सांगा. तुमच्याबिगर कोनाले जमनार?"

बबनरावांनी पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं. परदेशातून येणाऱ्या चालकांसाठी तिकडच्या एका मोटारसंस्थेनं ते इंग्रजीत छापलेलं होतं. घरी येऊन त्यांनी चष्मा पुसला आणि पहिलंच पान वाचून त्यांना धसका बसला. आपण एक शब्द चुकवला तर एका माणसाची नोकरी जाईल, हा विचार पुढचे पंधरा दिवस त्यांच्या मानेवर बसून होता. त्रिकोणाला त्यांनी आधी 'इशारादर्शक त्रिकोण' लिहिलं, मग खोडून 'लाल तिकोनी पाटी' केलं. अशी खाडाखोड करत अकरा पानांची वही झाली.

वाचनालयाच्या ओट्यावर शिकवणी सुरू झाली. लखीराम खांबाला टेकून बसायचा, देवमन मांडी घालून समोर.

"गाडीत औषधपाण्याची पेटी पाहिजे," बबनराव वहीतून वाचू लागले. "जखमेवर बांधायच्या पट्ट्या, कापूस, कात्री..."

"गुरुजी, गाडी चालवाची हाय का दवाखाना?" लखीराम म्हणाला.

"आणि वाटेत अपघात दिसला, आणि मदत न करता निघून गेलं, तर तो तिथं गुन्हा आहे."

"घ्या! आपल्या इकडं थांबला तं गुन्हा. पोलीस पहिले थांबनाऱ्यालेच धरते."

देवमन हसला नाही. "पुढं वाचा ना, गुरुजी."

पुढं पुढच्या सीटच्या पट्ट्याचं होतं आणि त्यानंतर लाल तिकोनी पाटीचं. गाडी रस्त्यात बंद पडली, तर मागून येणाऱ्याला दुरून कळावं म्हणून ही चमकणारी पाटी शंभर मीटर मागे ठेवायची. प्रत्येक गाडीत ती असलीच पाहिजे, नसेल तर दंड.

देवमन सरसावून बसला. "आन् गाडी दुरुस्त झाल्यावर? पाटी कोन उचलते?"

"ज्यानं ठेवली त्यानं. सोबत घेऊन जायची."

"असं कायद्यात हाय?"

"पाटी गाडीत असायलाच हवी म्हटल्यावर, रस्त्यात टाकून कशी चालेल?"

देवमननं ओट्याच्या फरशीवर बोटानं तिकोन काढला. मग म्हणाला, "म्हंजे तिकडं सगळेच गोटे वाहतेत."

लखीराम मोठ्यानं हसला. पण देवमननं त्या दिवशी पहिल्यांदाच गोट्यांची हकिगत सांगितली. त्याचा बाप ग्यानबा भल्या पहाटे बैलगाडी घेऊन मालेगावच्या बाजाराला निघाला होता. त्याच वाटेवर आदल्या दिवशी कुणाचा तरी ट्रक बंद पडला होता. ट्रकवाल्यानं मागं मोठाले धोंडे मांडले, काम झाल्यावर ट्रक काढला आणि धोंडे तसेच टाकून निघून गेला. सगळेच तसं करायचे, अजूनही करतात. गाडीचं चाक धोंड्यावर चढलं, गाडी उलटली आणि ग्यानबाचं कंबरडं मोडलं ते कायमचं. "तवापासून तो बाजंवरच हाय," देवमन म्हणाला. "म्हून मी आपले गोटे घेऊन चालतो. पाच ठेवाचे, पाच उचलाचे. चुना यासाठी, का दुरून दिसले पाहिजेत आन् एखांदा राहून नाही गेला पाहिजे."

बबनरावांच्या अंगावर काटा आला. तिकडे मोठमोठ्या विद्वानांनी सभा भरवून जो नियम केला असेल, तो या माणसानं किन्हीराजाच्या एका बाजेशेजारी बसून एकट्यानंच केला होता. हे त्याला सांगावं असं त्यांना फार वाटलं. पण नीट शब्द जुळेनात, म्हणून ते पुढचं पान वाचू लागले.

"फकत ते मीटर पायाले समजत नाही, गुरुजी," उठताना देवमन म्हणाला. "पावलं सांगा ना."

दुसऱ्या दिवशी बबनरावांनी शिंप्याकडून टेप आणली, शाळेमागच्या पटांगणात शंभर मीटर मोजले आणि ते अंतर स्वतः तीनदा चालून पाहिलं. तिन्ही वेळा एकशे साठ पावलं भरली. वहीत त्यांनी लाल शाईनं लिहिलं: 'एकशे साठ पावलं.' देवमननं ते पाठ केलं.

शिखरचंद आले. साधा, मृदू बोलणारा माणूस. पण नजर बारीक. परीक्षेच्या दिवशी त्यांनी बबनरावांनाही गाडीत घेतलं. "पुस्तक तुम्ही शिकवलंय, तुम्ही हवेतच." बबनराव मागच्या सीटवर वही छातीशी धरून बसले.

सकाळी लखीरामची पाळी होती. त्यानं सगळी उत्तरं खडाखड दिली. "गाडी बंद पडली असं समज," शिखरचंद म्हणाले, तेव्हा त्यानं बाभळीच्या फांद्या मोडल्या आणि नुसत्या नजरेच्या अंदाजानं बरोबर शंभर मीटरवर नेऊन टाकल्या. शिखरचंदांनी मान डोलावली. "छान. चला आता." लखीरामनं गाडी सुरू केली. फांद्या रस्त्यावरच राहिल्या. बबनरावांनी मागच्या काचेतून त्या पाहिल्या आणि बोलावं की न बोलावं या विचारात गाव आलं.

देवमनची पाळी दुपारी होती. शेठनाही मालेगावात काम होतं, म्हणून तेही आले. परतताना त्यांनी तीनदा घड्याळ पाहिलं. शेठच्या घरी सूर्य मावळल्यावर अन्नाचा कण नाही की पाण्याचा घोट नाही. चाळीस वर्षांचा नेम. "आज प्रेमानं जवाईबापूंसाठी दालबाटी केली," ते म्हणाले. प्रेमा म्हणजे प्रेमाबाई, त्यांची मुलगी आणि शिखरचंदांची बायको. "वेळेत पोहोचव रे बाप्पा."

"पोहोचू, शेठजी."

आणि नाल्याच्या अलीकडच्या उतारावर मागचं चाक फुटलं.

ही परीक्षा नव्हती, खरंच फुटलं होतं. देवमननं गाडी कडेला घेतली आणि पहिल्यांदा सगळ्यांना खाली उतरवून शेताच्या बाजूला उभं केलं. शेठ पुटपुटत उभे राहिले. मग तो पोतं खांद्यावर टाकून मागं चालू लागला. मोठ्यानं पावलं मोजत होता. शिखरचंद त्याच्यामागे निघाले आणि त्यांच्यामागे धापा टाकत बबनराव.

"एकशे साठ!" देवमन थांबला. त्यानं मागं वळून गाडीकडे पाहिलं, पुढं रस्त्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा चालू लागला. रस्त्याला तिथं मोड होता. मोड ओलांडून तो बराच पलीकडे गेला आणि तिथं त्यानं पाच गोटे कडेपासून तिरपे मांडले.

शिखरचंदांनी विचारलं, "पुस्तकात किती अंतर सांगितलंय?"

"एकशे साठ पावलं, साहेब."

"चूक. शंभर मीटर. तुझी एकशे साठ पावलं म्हणजे सव्वाशेच्या वर भरतात."

देवमन गोंधळला.  बबनरावांनी तीनदा चालून पाहिलं होतं. पण ज्याला चालायचं त्याला चालवून पाहावं, हे काही सुचलं नव्हतं. क्षणभर त्यांना वाटलं, गप्प राहावं; आपलं काय जातंय? मग त्यांनी देवमनच्या हातांना लागलेला चुना पाहिला.

"साहेब," त्यांचा आवाज चिरकला. "चूक त्याची नाही. मी... मी माझ्या पावलांनी मोजलं होतं. त्याला मीच चुकीचं शिकवलं. हे त्याच्या नावावर धरू नका."

 देवमननं त्यांच्या आखूड पायांकडे आणि पांढऱ्या जोड्यांकडे पाहिलं. "असू द्या ना, गुरुजी. तुमी तं माह्या खांद्याइतकेच. पावलं कोठून लांब येतीन?"

शिखरचंदांना हसू आलं. पण त्यांनी प्रश्न सोडला नाही. "मग एकशे साठ झाल्यावर थांबला का नाहीस?"

"मोड हाय ना, साहेब. तिथं ठेवले असते तं मोडावरून येनाऱ्याले गोटे आन् गाडी संगंच दिसली असती. आकडा पुस्तकातला खरा हाय, पन पुस्तकानं हा मोड कुठी पाह्यला?"

तो बोलतो आहे तोवरच पलीकडून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक आला. गोटे दिसताच त्याचा वेग उतरला, मोडावरून तो सावकाश वळला आणि ॲम्बेसेडरच्या बाजूनं बैलाच्या चालीनं निघून गेला. शिखरचंद तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिले.

चाक बदलायला वेळ लागला. एक नट गंजून बसला होता. शेवटी देवमननं पान्हा टाकला तेव्हा सूर्य समोरच्या पळसावर टेकला होता.

"बसा, बसा!" शेठ घाईनं आत शिरले. "दाबून घेतली तं पोहोचतो."

"गोटे आनतो, शेठजी."

"सोड ते गोटे! उद्या आन."

"उद्यापर्यंत कोनी तरी येईन ना त्या रस्त्यानं."

"अरे, सूर्य चालला! माहा नेम तुले मालूम नाही का? दोनशे पावलं जाशीन, दोनशे येशीन, तवापर्यंत अंधार!"

देवमन दार धरून उभा राहिला. ज्याचं मीठ सोळा वर्षं खाल्लं, त्याला उपाशी ठेवायचं, आणि तेही परीक्षेच्या दिवशी. त्याचा चेहरा पाहून बबनरावांना वाटलं, आता हा गाडीत बसणार, आणि बसला तर त्याला कोण नाव ठेवणार?

"शेठजी, मले माफी करा," देवमन म्हणाला आणि पोतं घेऊन धावत सुटला.

शेठ संतापले. "पाह्यलं, जवाईबापू? गोट्यासाठी मालकाले उपाशी मारते! लखीरामच बरा."  बबनराव खिडकीतून मोडाकडे पाहत होते. पोतं खांद्यावर घेऊन देवमन परत आला तेव्हा पळसामागे नुसता तांबूस पट्टा उरला होता. तो पळत होता, पण डिक्कीत टाकताना त्यानं गोटे एकेक मोजले. पाच. मग त्यानं गाडी हाकली, नेहमीच्याच वेगानं. वेगाचा काटा जराही वर नाही.

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. प्रेमाबाई दारात उभ्या होत्या. शेठनी पायरीवरच जोडे काढले आणि खाली बसले. देवमन अंगणात मान खाली घालून उभा होता.

शिखरचंद शांतपणे म्हणाले, "मामाजी, सकाळी लखीरामला मी मुद्दाम 'चला' म्हटलं. तो चालला. याला तर मालकानं म्हटलं, खरोखरची घाई होती, तरी हा निघाला नाही. तिकडे माझी पोरं याच्या गाडीत बसणार आहेत."

 शेठनी पोटावरून हात फिरवला. "घेऊन जा बाप्पा यालेच. माह्या इथं राह्यला तं रोज उपास घडवीन." आणि देवमनकडे न पाहता म्हणाले, "ग्यानबाची तब्येत कशी हाय आता? काहून सांगितलं नाही रे कधी?"

हे शेठना कुणी सांगितलं, ते बबनरावांना कळलं नाही. मग त्यांच्या लक्षात आलं, की देवमन गोटे आणायला गेला होता तेव्हा गाडीत आपणच सांगितलं होतं. एका दमात, न तपासता.

शिखरचंदांनी बॅगेतून आणलेली लाल तिकोनी पाटी देवमनला दिली. घडी घालता येते, हलकी, उजेड पडला की चमकते. त्यानं ती तीनदा उघडली, तीनदा मिटली आणि म्हणाला, "मस्त हाय. पन वाऱ्यानं नाही उडत का?" फाल्गुनात तो गेला. गोट्यांचं पोतं मात्र ॲम्बेसेडरमध्येच राहिलं आणि गाडीसोबत लखीरामच्या वाट्याला आलं.

उन्हाळ्यात बबनराव एसटीनं मंगरूळपीरला निघाले होते. वाटेत एका उतारावर पांढरे गोटे दिसले, म्हणून ड्रायव्हरनं बस हळू केली. पुढे ॲम्बेसेडर उभी होती, बॉनेट मिटलेलं होतं आणि लखीराम पोतं ओढत, देवमनच्या नावानं शिव्या देत मागं गोट्यांकडे येत होता. गोटे वेचता वेचता तो मोजत होता. "दोन... तीन... चार... अन् पाचवा कुठी गेला बे?" तो पोतं खांद्यावर टाकून गाडीकडे वळला.

बबनरावांना बसच्या उंचीवरून नालीतल्या गवतात गेलेला पाचवा गोटा दिसत होता. बस वेग घेऊ लागली. त्यांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि आयुष्यात कधी ओरडले नव्हते तेवढ्यानं ओरडले, "लखीराम! मागं, नालीत! नालीत आहे पाचवा!"

सगळी बस त्यांच्याकडे पाहू लागली. लखीराम कपाळावर हात मारून मागं वळला.