रावजीचं शून्य

"फुंकून फुंकून गाल दुखले माजे," रावजी बाकावर पुटपुटला. "पोलिसांच्या मशीनवर तीनदा शून्य आलं. तर म्हणतात, मशीन बिघडलंय! दुसरा कोन असता तर मशीन चांगलं ठरलं असतं."

"बाही वर घ्या," दर्शना सिस्टर म्हणाली.

सकाळी केळशीहून आंब्याच्या पेट्या घेऊन खेडला निघालेल्या रावजीच्या टेम्पोवर वळणावर मोटारसायकल येऊन आदळली होती. चालवणारा शार्दूल, केळशीच्या आप्पांचा मुलगा. पेट्याही आप्पांच्याच. रावजी एके काळी प्यायचा. सोडून बरीच वर्षं झाली, पण लोकांच्या तोंडी तो अजून पीतच होता. त्यामुळे वळणावरच्या गर्दीने निकाल तिथेच लावला, आणि हवालदार हरिश्चंद्र त्याला रक्त तपासायला घेऊन आला.

"रक्तात काय नाय मिळालं तर सोडाल ना?" रावजीने विचारलं.

"ते साहेब बघतील. मोठ्या गाडीचीच चूक धरतात रे. लायसनचं सांगता येत नाही."

रावजीने बाही वर सारली. टेम्पो सोडून त्याला दुसरं काही येत नव्हतं.

दर्शनाचा हात सवयीने स्पिरिटच्या बोळ्याकडे गेला.

"त्यो नको हां बाय! त्याचा वास माज्या नावावर लागंल."

"ठाऊक आहे हो मला." हसू दाबत तिने साबणाच्या पाण्यात कापूस भिजवला.

पण वास म्हटल्यावर ती आणि हवालदार दोघंही खाली बघू लागले. तासाभरापूर्वी शार्दूलला आत आणलं, तेव्हा डॉक्टरांनी आधी खिडकी उघडायला सांगितली होती. का, ते सांगितलं नाही. हवालदाराने रुमाल नाकाशी नेला आणि सर्दीचं निमित्त केलं. दर्शनाने शार्दूलचा शर्ट कापून पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली, मग ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली. दर मोसमात आप्पांच्या बागेतली पेटी इस्पितळात यायची. त्यातले डझनभर आंबे दर्शनाच्या घरीही जायचे, आणि गोड असायचे.

रावजीच्या रक्ताची बाटली सीलबंद करताना तिने एकदा तोंड उघडलं. "हवालदार, त्या मुलाचंही..."

"मुलाचं काय?"

"सलाईन संपत आलं असेल. बघते."

आप्पा दाराशी उभे होते. शार्दूलचा एक बूट मघापासून त्यांच्या हातात होता. तो कुठे ठेवायचा हे त्यांना सुचलं नव्हतं. रावजी दंडावर कापूस दाबत त्यांच्यापाशी गेला. हवालदार उठायला लागला, पण रावजी हळूच म्हणाला, "आप्पा, पाय वाचंल ना पोराचा?"

आप्पांनी होकारार्थी मान हलवली.

"मी ब्रेक मारला होता. पार कडेला घेतली होती गाडी. देवाशपथ."

"हो."

"ल्हान असताना माज्याच टेम्पोत पुढं बसायचा हट्ट करायचा. काच खाली करून वरडायचा, रावजीकाका, जोरात!" रावजी हसला, आणि ते हसू लगेच विझलं. "पेट्या पन फुटल्या हो तुमच्या."

आप्पांनी बूट बाकावर ठेवला, दोन्ही हात धोतराला पुसले.

"सिस्टर," ते म्हणाले, "अजून एक बाटली घ्या."

"कोणासाठी, आप्पा?"

हवालदार खिडकीबाहेर बघू लागला.

"शार्दूलसाठी. सकाळीच पिऊन बसला होता तो. मला दिसत होतं," आप्पा म्हणाले. "गाडीची किल्ली मागितली, आणि मी दिली."