पाय घसरल्याची नोंद

मास्तरांनी कधी शाळेत शिकवलं नव्हतं. ते वकील होते. पण आलेल्या पक्षकाराला समोर बसवून त्याचाच दावा त्याला पहिलीतल्या पोराला समजवावा तसा समजावून सांगायची त्यांना सवय होती, म्हणून बार रूममध्ये त्यांचं नाव मास्तर पडलं. भाडेकरूंचे दावे, कामावरून काढलेल्यांचे दावे, घरातून हाकललेल्या बायकांच्या पोटगीचे दावे. शहराच्या त्या भागात मास्तरांनी ज्यांचं काम केलं नाही असं घर सापडणं कठीण. त्यामुळे विधानसभेच्या निवडणुकीत पक्षाने त्यांना तिकीट दिलं, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते त्यांच्या बायकोने प्रचाराला निघायचं ठरवलं याचं.

मुलगा गेल्यापासून ती घराबाहेर पडलीच नव्हती म्हटलं तरी चालेल. एकुलता एक मुलगा, कॉलेजात जाणारा. घरी त्याला सोन्या म्हणत. शहराबाहेरच्या तळ्यात बुडून तो गेला. पाय घसरला, असं पंचनाम्यात लिहिलं होतं. त्या दुपारी ती कपड्यांना इस्त्री करत होती आणि तो कितीतरी वेळ तिच्या मागेपुढे घुटमळत होता. मग म्हणाला, "आई, जरा तळ्यावर जाऊन येऊ?" ती म्हणाली, "जा बाबा एकदाचा! घरात बसून डोकं खाऊ नकोस."

ते तिचे त्याच्याशी शेवटचे शब्द. मधल्या सगळ्या वर्षांत तिने ते किती वेळा मास्तरांना ऐकवले असतील याला गणती नव्हती. जेवताना, टीव्ही बघताना, कधी भाजी निवडता निवडता हात थांबवून. "मी नको म्हटलं असतं तर थांबला असता हो तो. माझं ऐकायचा." मास्तर दर वेळी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणत, "तुझा काय दोष त्यात? पाय घसरला त्याचा." आणि विषय तिथेच संपे, पुन्हा निघेपर्यंत.

तर तिकीट मिळाल्यावर ती म्हणाली, "तुमचं एकट्याचं काही खरं नाही. बायकांशी बोलणार कसे तुम्ही? 'सदर प्रकरणी' म्हणत?"

पहिल्या दिवशी ती पायात जुन्या चपला घालून, हातात पत्रकांचा गठ्ठा घेऊन बाहेर पडली आणि संध्याकाळी घसा बसवून घेऊन परत आली. कुणाकडे नळाला पाणी नाही, कुणाची सून बोलत नाही, कोणत्या जिन्यावरचा दिवा गेलाय, सगळं तिला ठाऊक झालं होतं. आठवडाभरात तर अशी गत झाली, की मास्तर कुठल्या गल्लीत शिरले की लोक आधी विचारत, "एकटेच? बाई नाही आल्या?"

"मतं मला पडतील, पण बोलावणी तुला येताहेत," मास्तर म्हणाले.

"मग आमदार झाल्यावर माझी पिशवी धरा," ती म्हणाली आणि हसली. खळखळून हसली. मास्तर चहाचा कप हातात तसाच धरून तिच्याकडे बघत राहिले. हा आवाज या घरात होता, हेच ते विसरून गेले होते. निवडणूक हरलो तरी चालेल, असं त्यांना त्या क्षणी मनापासून वाटलं.

समोरच्या पक्षाचा उमेदवार कोण, तर बॅरिस्टर. हेही बार रूमनेच ठेवलेलं नाव. विलायतेचं तोंड त्याने पाहिलं नव्हतं, पण ऐन उन्हाळ्यातही कोट उतरवत नसे. मास्तरांचं आणि त्याचं टेबल शेजारी शेजारी. कोर्टात एकमेकांच्या साक्षीदारांच्या चिंधड्या करायच्या आणि सुट्टीत एकाच थर्मासमधला चहा प्यायचा, अशी त्यांची वकिलीतली सगळी वर्षं गेली होती. सोन्या गेला त्या दिवशी तळ्यावर मास्तरांबरोबर बॅरिस्टरच होता. पोलीस ठाण्यात, दवाखान्यात, सगळीकडे तोच.

"हे बघ," अर्ज भरल्यावर बॅरिस्टर म्हणाला होता, "तुझ्या पक्षाला मी मनसोक्त शिव्या घालणार. तुला नाही. घरच्या गोष्टी तर नाहीच नाही."

"घरच्या गोष्टी काढल्यास तर तुझ्या घोरण्यावरून मी तुझी अनामत जप्त करवीन," मास्तर म्हणाले. दोघं पोट धरून हसले.

प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. भर दुपारी ती एका वसाहतीच्या फाटकाशी उभी राहून बायकांशी बोलत होती. पलीकडच्या चौकात बॅरिस्टरच्या पक्षाची छोटी सभा चालू होती. स्वतः बॅरिस्टर तिथे नव्हता. त्याचा भाचा माईकवर होता. प्रचाराची सूत्रं त्याच्याकडे होती, आणि आपला मामा मागे पडतोय हे त्याला दिसत होतं. कर्ण्यातून त्याचा आवाज अख्ख्या रस्त्यावर पोचत होता.

"मास्तर न्यायाच्या गोष्टी करतात! विचारा त्यांना, त्यांचा मुलगा कसा गेला? पाय घसरून? त्याने जीव दिला, जीव! आणि या न्यायाच्या पुतळ्याने पोलिसांना हाताशी धरून त्याची नोंद अपघात म्हणून करून घेतली. जो माणूस स्वतःच्या मुलाबद्दल खरं बोलला नाही, तो तुमच्याबद्दल काय बोलणार?"

फाटकाशी उभ्या असलेल्या बायकांपैकी कुणी मान वर करेना. एकीने तिच्या हातातली पत्रकं हळूच काढून घेतली, कारण ती एकेक करून खाली पडायला लागली होती.

मास्तर तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आपल्या ऑफिसात होते. पक्षाचे निरीक्षक समोर नकाशा पसरून बसले होते, सात-आठ कार्यकर्ते आजूबाजूला. ती दारात आली. कुणीतरी "या वहिनी" म्हणून खुर्ची सरकवली. तिने तिकडे पाहिलंही नाही.

"वर चला," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात आल्यावर तिने दार लावून घेतलं. "एकच विचारते. सोन्याचा पाय घसरला होता का?"

"कुणी काय सांगितलं तुला?"

"पाय घसरला होता का?"

"अगं, निवडणुकीच्या दिवसांत लोक वाट्टेल ते..."

"अहो," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "वकिली नको."

मास्तर स्टुलावर बसले. बाहेर गॅलरीतल्या दोरीवर त्यांचेच सदरे वाळत होते. सोन्या गेल्यापासून घरात इस्त्री नव्हती, कपडे लाँड्रीत जात. ते खाली मान घालून म्हणाले, "नाही."

मग ती विचारत गेली आणि ते सांगत गेले. तळ्यावरच्या रखवालदाराने त्याला पाहिलं होतं. सोन्याने हातातलं घड्याळ काढून त्याच्याकडे दिलं होतं आणि म्हणाला होता, माझे बाबा येतील, त्यांना द्या. रखवालदाराला वाटलं, पोहायचं असेल. मास्तर पोचले तेव्हा त्याने घड्याळ त्यांच्या हातात ठेवलं, आणि मास्तरांना सगळं समजलं. बॅरिस्टरने रखवालदाराची समजूत काढली, ठाण्यातल्या साहेबांपुढे हात जोडले, आणि कागदावर पाय घसरला.

"का?"

"तुला कळलं असतं तर तू जगली नसतीस, असं वाटलं."

"ते नाही विचारलं. त्याने का केलं?"

मास्तरांनी उठून सिंकमधला ठिबकणारा नळ आवळून बंद केला.

"महिनाभर आधी तो माझ्याकडे आला होता," ते म्हणाले. "खाली ऑफिसात. म्हणाला, बाबा, मला हे कायद्याचं शिक्षण झेपत नाही. झोप येत नाही. सकाळी उठावंसंच वाटत नाही. मी त्याला म्हटलं, पहिल्या वर्षी मीही रडलो होतो. होईल सवय. समोर पक्षकार बसला होता. नंतर बोलू म्हटलं. नंतर... राहूनच गेलं."

ती ओट्याला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादी अवघड गोष्ट कुणीतरी सावकाश समजावून सांगावी आणि ती हळूहळू उलगडत जावी, तसं काहीतरी होतं.

"मी त्याला जा म्हटलं म्हणून तो गेला, असं मी रोज म्हणत आले," ती म्हणाली. "तुमच्यासमोर म्हणत आले."

"मी सांगत होतोच ना तुला, तुझा दोष नाही म्हणून?"

"समजूत घालायला सांगत होता. माहीत असल्यासारखं नाही सांगितलंत." ती थांबली. "तो तुमच्याशी बोलून गेला होता. हे मला कळू नये, म्हणून मला तसंच राहू दिलंत तुम्ही."

मास्तर म्हणजे उभा जन्म दुसऱ्यांना पटवण्यात गेलेला माणूस. त्यांनी स्वतःलाही आजवर हेच पटवलं होतं, की हे सारं आपण तिच्यासाठी केलं. आता ती बोलल्यावर त्यांना लख्ख दिसलं, की ते आपण स्वतःसाठीही केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅरिस्टर आला. अंगात कोट नव्हता. दार तिनेच उघडलं.

"वहिनी, मी कुणाला बोललो नव्हतो. फक्त घरी, बायकोपाशी. तेही तेव्हाच. भाच्याच्या कानावर कसं गेलं, देव जाणे. अर्ज मागे घ्यायची मुदत उलटून गेली, नाहीतर... मी प्रचार बंद केलाय. भाच्याला घालवून दिलं."

"भावजी," ती म्हणाली, "तुमच्या भाच्याचे माझ्यावर उपकारच आहेत. खरं सांगणारा तो एकटाच निघाला. तुम्ही इतकी वर्षं या घरात येऊन माझ्या हातचा चहा पीत होता, आणि मी तुम्हालाही सांगायचे, मी त्याला जा म्हटलं म्हणून. आठवतं? तुम्ही मान हलवायचा."

बॅरिस्टर उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. नंतर जिना उतरून गेला.

त्याच दिवशी ती आपल्या थोरल्या बहिणीकडे गेली, शेजारच्या शहरात. मास्तरांनी बॅग खाली नेऊन गाडीत ठेवली. तिने ठेवू दिली.

निरीक्षकांचं मत असं, की अजून काही बिघडलेलं नाही. उलट वारं आपल्या बाजूला वळतंय. "लोक हळहळताहेत, मास्तर. वहिनींनी शेवटच्या सभेत नुसती हजेरी लावली, बोलल्या नाहीत तरी चालेल, तर लाट येईल लाट."

"त्या येणार नाहीत," मास्तर म्हणाले. "आणि माझ्या मुलाचं नाव व्यासपीठावर कुणी घेतलं, तर मी तिथून उठून जाईन."

शेवटच्या सभेला मैदान गच्च भरलं होतं. मास्तर माईकपुढे उभे राहिले. रस्ते, पाणी, भाडेकरूंचा कायदा, सगळं पाठ होतं. त्यातलं काही बोलले नाहीत. "माझ्याबद्दल जे सांगितलं गेलं ते खरं आहे," एवढंच म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले. मैदानात टाळ्या सुरू झाल्या. लोकांना वाटलं, केवढा प्रामाणिक माणूस. बायका डोळे पुसत होत्या. टाळ्या थांबेनात, आणि मास्तरांना त्या थांबवता येईनात.

ते निवडून आले. चांगल्या मतांनी आले. मतमोजणीच्या जागेबाहेर कार्यकर्त्यांनी त्यांना खांद्यावर घेतलं. बॅरिस्टर गर्दीतून वाट काढत आला, हात पुढे केला. मास्तरांनी तो हातात घेतला.

शपथविधीच्या आधी मास्तर मेहुणीकडे गेले. मेहुणीने दार उघडलं, पाणी दिलं आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. ती खिडकीपाशी बसली होती. वाळली होती. समोर सोन्याचे लहानपणापासूनचे फोटो पसरले होते.

"काल तळ्यावर जाऊन आले," तीच आधी बोलली. "ताई होती बरोबर. तो रखवालदार आता नाहीये तिथे. दुसरा आहे." मग तिने एक फोटो उचलला. "यात बघा ना, हसतोय, पण हात कसे धरलेत. मी पूर्वी कधी असं बघितलंच नाही. आता एकेक फोटो नव्याने बघावा लागतोय."

मास्तर तिच्यासमोर जमिनीवर बसले. "मी चुकलो," ते म्हणाले. "त्याच्याही बाबतीत, तुझ्याही."

"त्याचं नका म्हणू. त्या दुपारी तो माझ्याभोवती घोटाळत होता, आणि मलाही नाही समजलं. त्याच्या बाबतीत आपण दोघंही सारखेच." तिने फोटो खाली ठेवला. "पण खरं सांगितलं असतंत तर आपल्याला मिळून रडता आलं असतं. ते तुम्ही होऊ दिलं नाहीत."

"घरी कधी येशील?"

"माहीत नाही. मला पहिल्यापासून रडायचंय हो. इतकी वर्षं मी भलतंच रडत होते. आणि तुमच्यासमोर जमत नाही."

ते उठले. दारापाशी घुटमळले, ती हाक मारेल म्हणून. मेहुणी म्हणाली, "फोन करत जा. ती घेईल न घेईल, पण करत जा."

खाली रस्त्यावर गाडीपाशी एक वयस्क गृहस्थ उभे होते. आता या शहरात येऊन राहिलेले, मूळचे मास्तरांच्याच मतदारसंघातले. पेपरातल्या फोटोवरून त्यांनी ओळखलं होतं. जुन्या घराचा भाडेकरार, मालकाची नोटीस, असं ते सांगू लागले. मास्तर उन्हात उभे राहून ऐकत होते. मान हलवत होते. गृहस्थांचं सांगून झालं तसे मास्तर दचकले.

"माफ करा," ते म्हणाले. "माझं लक्ष नव्हतं. तुम्ही बसा गाडीत, आणि पुन्हा सुरुवातीपासून सांगा."