तीन बरोबर डोस

आमच्या मजल्यावर सगळं तक्त्यावर चालायचं. गरम पाण्याची बादली कुणी किती वाजता भरायची, इस्त्री कुणाकडे किती वेळ राहणार, खालच्या मुलींनी पाय आपटत वर यायचं नाही, हे सगळं पॅन्ट्रीच्या दारावर पांढऱ्या कागदावर, रंगीत पेनांनी. सोळा मुली आणि दोन नळ म्हटल्यावर तक्त्याशिवाय भागत नव्हतं. नवी मुलगी आली की तिला आधी कपाट दाखवायचे नाहीत, तक्ता दाखवायचे.

फक्त एक गोष्ट आम्ही कुठेच लिहिली नाही. माझी मुलगी.

गुंडी तेव्हा सोळा महिन्यांची होती. ती सहा महिन्यांची असताना मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षासाठी या शहरात, या वसतिगृहात आले. सासूबाईंनीच पाठवलं. "एक वर्ष मी सांभाळते," म्हणाल्या. "एक म्हणजे एकच हं. माझ्या गुडघ्यांना दुसरं मागू नकोस." एखादा पेपर राहिला तर पुढच्या वर्षी वसतिगृहात खोली मिळत नाही हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, नवऱ्याला माहीत होतं. म्हणून घरात परीक्षेबद्दल कुणी फार बोलत नसे. काचेचं भांडं धुताना बोलत नाहीत तसं.

आणि चार पेपरांतले दोन झाल्यावर सासूबाई अंगणात पाय घसरून पडल्या. मनगट मोडलं. नवरा दूरच्या साइटवर, त्याला चार दिवस सुटता येईना. शेजारच्या वहिनी गावी निघाल्या होत्या, त्या वाट वाकडी करून गुंडीला माझ्याकडे सोडून गेल्या. वसतिगृहाच्या मागच्या फाटकाशी, कपड्यांची एक पिशवी, एक दुधाची बाटली आणि ती. दहा महिन्यांत मी तिला तीनदा भेटले होते. ती माझ्याकडे आली, पण एखाद्या नव्या बाईंकडे जावं तशी, मान जरा मागे घेऊन.

मुलं आत आणायची नाहीत हा नियम मोठ्या अक्षरांत दर्शनी भिंतीवर होता. मी तिला शालीत गुंडाळून तिसऱ्या मजल्यावर नेलं.

"ही काय आणलीस?" माझी रूममेट म्हणाली. तिला सगळे काकू म्हणायचे. वय एकवीस, पण उठल्यापासून दुसऱ्यांच्या पांघरुणांच्या घड्या करत सुटायची.

"माझी मुलगी."

"ते दिसतंय. नाक तुझंच आहे बिचारीचं." आणि तिने हात पुढे केले.

अर्ध्या तासात अख्ख्या मजल्याला कळलं होतं आणि अख्खा मजला कुजबुजत बोलायला लागला होता. शेवटी तिघींनी जबाबदारी घेतली. काकू, समोरच्या खोलीतली टॉवर आणि तिची जोडीदारीण डुलकी. टॉवर नावाप्रमाणे उंच होती, दाराच्या चौकटीखालून वाकून जायची. डुलकी कुठेही झोपू शकायची, एकदा रसायनशास्त्राच्या तोंडी परीक्षेला बाहेरच्या बाकावर झोपली होती आणि आतून तिचं नाव दोनदा पुकारून झालं होतं.

"तक्ता करू," टॉवर म्हणाली.

"आणि रेक्टर मॅडम रोज फेरी मारताना तो वाचतील," काकू म्हणाली. "त्या सूचनाफलकावरच्या टाचण्यासुद्धा मोजतात. काही लिहायचं नाही. फोनवरसुद्धा नाही. मजल्याच्या ग्रुपवर खालच्या मजल्यावरची वसतिगृह-प्रतिनिधीही आहे, तिच्या पोटात काही राहत नाही."

म्हणून सगळं तोंडी ठरलं.

पहिला दिवस मजेत गेला. गुंडी रडली की टॉवर लॅपटॉपवर मालिका मोठ्याने लावायची. एकदा रेक्टर मॅडम दाराबाहेर थांबल्याच.

"काय चाललंय?"

"मालिका बघतोय, मॅडम. त्यात बाळ रडतंय."

मॅडमनी बंद दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "त्या मालिकेतल्या आईला सांगा, भूक लागलीय त्याला." आणि चपला वाजवत निघून गेल्या. आम्ही उशीत तोंडं खुपसून हसलो. गुंडीही हसली, कारण आम्ही हसत होतो.

त्या रात्री ती माझ्या अंगाला बिलगून झोपली. तिच्या केसांना घरच्या साबणाचा वास येत होता. मी एका हाताने नोट्सची पानं उलटत राहिले, दुसरा हात तिच्या पाठीखाली अडकला होता आणि मला तो काढायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरा पेपर. तिचं अंग जरासं गरम वाटलं. दात येत असतील, पांघरूण जास्त झालं असेल, असं मी मनाशी म्हटलं. पेपरच्या दिवशी माणूस स्वतःला काहीही पटवतो. पिशवीत सासूबाईंनी तापाच्या औषधाची बाटली घातली होती, ती मी खिडकीत ठेवली आणि तिघींनाही सांगितलं, "ताप वाढला असं वाटलं तर हे द्या. वजन साडेनऊ किलो आहे. पाच मिली. चमचा झाकणातच आहे."

तिघींनाही सांगितलं. एकाच वेळी, एकाच खोलीत उभं राहून.

दहा ते एक पेपर होता. टॉवरचा पेपर दुपारी होता, म्हणून पहिली पाळी तिची. मग डुलकी. मग वाचनालयातून काकू येणार होती.

पेपर सोपा गेला. हे सांगायला आजही मला लाज वाटते. तीन तास मी इतकी सुखात होते की मला मुलगी आहे हे दोनदा तरी विसरले.

एक वाजता धावत वर आले तर काकू गुंडीला मांडीवर घेऊन बसली होती. गुंडी झोपली होती. गाल लाल, ओठ कोरडे.

"ताप आला होता गं. पण मी बाराला औषध दिलं बघ, आता उतरतोय."

डुलकी पलंगावर पाय वर घेऊन बसली होती. तिने डोळे उघडले. "बाराला? मी अकराला दिलं की."

काकू तिच्याकडे बघत राहिली. "तू मला सांगितलं कुठे?"

"कशी सांगणार? रेक्टर मॅडम मधेच उभ्या होत्या. मी खुणेने दाखवलं ना, कपाळाला हात लावून."

"मला वाटलं ताप आहे म्हणतेस. म्हणून तर दिलं."

मी टॉवरला फोन लावला. ती पेपरला जायच्या वाटेवर होती. "अगं हो," ती म्हणाली, "दहा-सव्वादहाला चटका बसत होता नुसता. दिलं मी, पाच मिली. अगदी रेघेपर्यंत. डुलकी आत येताना मॅडमना मी इस्त्रीबद्दल विचारत पलीकडे नेलं, तेव्हा सांगायचं राहून गेलं. का गं?"

का ते मी तिला सांगितलं नाही. तिचा पेपर होता.

तिघींनीही डोस बरोबर दिला होता. तिघींनीही चमचा धुऊन झाकणात ठेवला होता. खिडकीतली बाटली तशीच उभी होती आणि काळ्या काचेतून किती उरलंय ते दिसत नव्हतं. नळाचा तक्ता होता, इस्त्रीचा होता. हिचा नव्हता.

"दवाखाना," काकू म्हणाली आणि उठली. डुलकी रडायला लागली होती.

जिन्यात शाल निसटली. शाल सावरायला हातच नव्हता. खाली दर्शनी दालनात रेक्टर मॅडम टपाल वाचत उभ्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. गुंडीकडे, मग माझ्याकडे.

"कधीपासून आहे ही?"

"कालपासून, मॅडम."

"आणि आता काय झालंय?"

काकूने सांगितलं. मॅडमनी हातातलं टपाल टेबलावर टाकलं आणि म्हणाल्या, "आधी चला. बाकीचं नंतर बघू." त्यांच्याच गाडीतून आम्ही गेलो. वाटेत एका सिग्नलला त्या समोर बघतच बोलल्या, "मला माहीत होतं गं. एवढ्या चांगल्या आवाजाची मालिका कुठे असते का? म्हटलं, हिचे पेपर होईपर्यंत आपल्याला ऐकू येत नाही असं धरून चालू." मग सिग्नल सुटल्यावर, "विचारायला हवं होतं मी. मुलीला बरं आहे का, एवढं तरी."

डॉक्टर तरुण होती, माझ्याच वयाची असेल. "किती वाजता, किती मात्रा, त्यातलं थुंकलं किती?" मी प्रत्येक प्रश्नाला मागे वळून बघत होते. उत्तरं काकू आणि डुलकी देत होत्या. डॉक्टर लिहिता लिहिता थांबली. "आई कोण?"

"मी."

तिने पुन्हा खाली मान घालून लिहिलं. रागावली नाही. रागावली असती तर मला काहीतरी बोलता तरी आलं असतं.

"वजनाच्या मानाने हे फार नाही," ती म्हणाली. "बहुतेक काही होणार नाही. पण 'बहुतेक' असं मला कागदावर लिहिता येत नाही."

रक्त घेताना गुंडीने माझ्याकडे पाहून ओठ काढला आणि मग मान वळवून काकूकडे हात पसरले. काकूने मागे सरत हात पाठीशी नेले. "आईकडे जा, राणी. आई आहे ना." मी तिला घट्ट धरलं. ती रडत राहिली, माझ्या खांद्यावर, पण काकूकडे बघत.

संध्याकाळी अहवाल आला. एक आकडा जरा वर होता. तापामुळेही असेल, डॉक्टर म्हणाली, पण सकाळी पुन्हा तपासायचं, तोवर इथेच ठेवायचं. आणि आई किंवा वडील जवळ हवेत. सतत.

"मी थांबते की," काकू म्हणाली.

"तुम्ही कोण?" परिचारिकेने विचारलं.

"मी... काकू."

"सख्खी?"

काकूने माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलायला ती नेहमी तरबेज, मेसच्या बाईला रोज थाप मारून जास्तीचं दही मिळवायची. आज तिला जमलं नाही.

शेवटचा पेपर दुसऱ्या दिवशी दहाला होता. साडेदहापर्यंत आत घेतात, नंतर दार बंद. नवऱ्याला फोन केला तेव्हा तो बसमध्ये चढतच होता. "अकरापर्यंत पोचतो," म्हणाला. "आधीची बस नाही?" "नाही गं. असती तर त्यात असतो ना मी."

एका तासाचा प्रश्न होता. फक्त एका तासाचा. मॅडमनी त्यांच्या परीने दोन-तीन फोन केले. त्या स्वतः थांबल्या असत्या तरी परिचारिकेने तेच विचारलं असतं, शिवाय त्या कॉलेजात शिकवायच्याही, आणि परीक्षा केंद्राच्या किल्ल्या सकाळी त्यांनाच न्यायच्या होत्या. जाताना त्यांनी गुंडीच्या पायाला बोट लावलं आणि मला म्हणाल्या, "मी विद्यापीठाला लिहीन. काही होईल असं सांगत नाही. पण लिहीन."

सकाळी सातला पुन्हा रक्त घेतलं. अहवाल साडेनऊपर्यंत येईल म्हणाले. साडेनऊला आला नाही. गुंडीचा ताप पहाटेच उतरला होता. ती खाटेच्या लोखंडी कठड्याला धरून उभी राहून शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना हाका मारत होती. "आबा, आबा." आजोबा प्रत्येक हाकेला "ओ" देत होते.

"प्रयोगशाळेतून काही कळलं का?" मी परिचारिकेला विचारलं.

"ताई, तुम्ही पाच मिनिटांपूर्वी विचारलंत."

पावणेदहाला काकूचा फोन आला. ती परीक्षा केंद्राच्या बाहेर होती. "ऐक, मी नाही जात आत. तुझ्याकडे येते. त्या बाईला मी म्हणेन की सख्खी आहे, पटकन म्हणेन, तू निघ—"

"काकू."

"मी पुढच्या वर्षी देईन, माझं काय, मला कोण—"

"काकू, आत जा."

तिचा श्वास ऐकू येत होता आणि मागे घंटा झालेली ऐकू आली. मग तिने फोन बंद केला. ती आत गेली की नाही हे मला दुपारपर्यंत कळलं नाही. गेली होती. पहिला अर्धा तास तिने काही लिहिलं नाही, एवढंच.

दहा वाजले. सव्वादहा झाले. मी गुंडीला पाणी पाजलं. निम्मं तिच्या गळ्यावर सांडलं, ते पुसलं. तिने माझा अंगठा तोंडात घेतला आणि नव्या दातांनी चावून पाहिला, माझ्याकडे रोखून बघत. मी ओरडले नाही म्हणून पुन्हा चावली. त्या वेळी मला खरं तर उठून पळावंसं वाटत होतं. जिना उतरून, रस्ता ओलांडून, रिक्षा पकडून, सात मिनिटांत मी तिथे पोचले असते. ती हसत होती. ताप नव्हता. परिचारिका तिथेच होती, आजोबा "ओ" देत होते. मी उठले. खाटेपासून दोन पावलं गेले. गुंडीने कठडा सोडला नाही, रडलीही नाही. फक्त हाका मारायची थांबली. मी जाते तेव्हा काय होतं ते तिला माहीत होतं.

मी परत येऊन बसले.

दहा चाळीसला डॉक्टर आली, हातात कागद. "सगळं ठीक आहे हो. आकडा खाली आला. घेऊन जा घरी."

"थँक्यू," मी म्हणाले. मनापासून म्हणाले. मला दुसरं काय म्हणता आलं असतं?

अकराला पाच मिनिटं असताना नवरा आला. शर्ट चुरगळलेला, डोळे लाल. गुंडी त्याच्याकडे झेपावली. त्याने तिचं कपाळ, मान, पोट, सगळं हाताने तपासून पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. डिस्चार्जचे कागद होईपर्यंत आम्ही बाकावर बसलो. ती आमच्या मध्ये उभी राहून दोघांचे गुडघे थोपटत होती.

काहीतरी बोलायला हवं म्हणून त्याने विचारलं, "कालचा कसा गेला?"

"चांगला," मी म्हणाले. "सगळं आलं मला."