वाकलेला कोपरा

मित्रांनो, मी कागद बनवायचा एक जुना साचा आहे. सागवानी चौकट आणि तिच्यावर ताणलेली पितळी जाळी, एवढाच माझा जीव. पंचवटीतल्या दत्तू मिस्त्रींनी मला १९९४ साली घडवलं आणि सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या हातकागद केंद्रात पाठवलं.

तिथे एकही झाड न तोडता कागद होई. चिंध्या, भाताचा पेंढा आणि केळीची सोपटं यांचा लगदा हौदात कालवलेला असे. भागीबाई मला त्यात बुडवी, हलकेच डोलवी आणि वर उचली. पाणी निथळलं की जाळीवर कागद! पाहुणे म्हणत, "काय हात आहे बाईंचा!" मी मात्र ती शाबासकी स्वतःकडेच घेई. संध्याकाळी ती मला पुसून सावलीत ठेवी. "उनात लाकूड वाकतं," असं सगळ्यांना बजावी.

२००१ च्या खंडेनवमीला तिने मला हळदकुंकू वाहिलं आणि सणासाठी ती आपल्या पाड्यावर गेली. दसऱ्याला केंद्रात पाहुणे यायचे होते. व्यवस्थापक रविराज साहेबांनी मला झेंडूची माळ घालून दारावर टांगलं, भर उन्हात. फोटो निघाले. खरं सांगतो, मी हुरळून गेलो. संध्याकाळी माझा एक कोपरा केसभर वाकला होता.

तेव्हापासून प्रत्येक कागद त्या कोपऱ्यात विरळ येऊ लागला.

"भागीबाई, तुमचा हात थरथरतोय आता," साहेब म्हणाले.

ती आपले तळवे उलटेपालटे करून बघत राहिली. "आसंल सायेब. वय झालं," एवढंच बोलली.

तिला चिंध्या फाडायला बसवलं. हौदावर तरुण मीना आली आणि तिच्यासाठी नवा साचा आला. मी भिंतीवर शोभेला लागलो. खोट माझी आणि बोल तिला! मला तोंड नाही हे खरं, पण असतं तरी मी ते उघडलं असतं का? लाज वाटते, मित्रांनो.

पाच वर्षांनी नाशिकच्या एका शाळेची सहल आली. मुलांना स्वतः कागद करून बघायचा होता, म्हणून मला खाली काढलं. दुपारपर्यंत कागद वाळले. तृप्ती नावाच्या मुलीने आपला कागद उजेडात धरला, मग मैत्रिणींचेही धरले. "सगळ्यांचा कागद याच कोपऱ्यात पातळ कसा?" तिने विचारलं.

भागीबाई चिंध्या टाकून उठली. तिने माझ्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

"माझा हात नव्हता गं," ती मीनाला म्हणाली, "ह्यो वाकला व्हता."

साहेबांची मान खाली गेली. त्यांना ती झेंडूची माळ आठवली असावी. "उद्यापासून हौदावर या, भागीबाई."

ती माझ्यावर रागावली नाही. पूर्वीसारखंच पुसून तिने मला सावलीत ठेवलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

मित्रांनो, कुणाच्या हाताला नावं ठेवण्याआधी त्या हातातलं अवजार एकदा नीट बघा. आणि वेळेवर बघा. कारण दुसऱ्या दिवशी भागीबाई नवा साचा घेऊन हौदाशी उभी राहिली, तेव्हा तिचे हात खरोखरच थरथरत होते.