माझ्या नावाचा कर्सर

आमच्या टीममध्ये क्लाउडला सगळ्यात मोठ्यानं शिव्या घालणारा माणूस म्हणजे मी. कंपनीनं ठरवलं, की यापुढे कोणी आपापल्या लॅपटॉपवर कोड ठेवायचा नाही. सगळं दूरच्या सर्व्हरवर, ब्राउझर उघडायचा आणि तिथेच लिहायचं. त्या मीटिंगमध्ये मी वीस मिनिटं बोललो. आमच्या अंबरनाथ-बदलापूरकडे वीज केव्हाही जाते, नेट गेलं की हातावर हात ठेवून बसायचं का, उद्या त्या सर्व्हरवाल्याचं डोकं फिरलं तर आपण कुठे जायचं. "दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी प्यायची सवय वाईट," असंही वर सुनावलं. लोकांनी माना डोलावल्या.

किर्ती तेवढी बोलली. ती बदलापूरची, टीममध्ये सगळ्यात नवी. "सर, माझा लॅपटॉप जुना आहे. त्याच्यावर आपला सगळा सेटअप चालवला की इस्त्रीसारखा तापतो. ब्राउझरमध्ये निदान सगळ्यांना सारखं मिळतं. आणि कोणी अडकलं तर दुसरा तिथेच येऊन बघू शकतो ना."

"बघू शकतो, हीच तर पंचाईत आहे," मी म्हणालो. "दार उघडं टाकून अंघोळ करायची मला सवय नाही."

सगळे हसले. किर्तीचा चेहरा उतरला आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही.

वीज जाते हे खरं, नेट जातं हेही खरं. पण माझं कारण त्यातलं एकही नव्हतं. माझा अवघड कोड माझी बायको लिहायची.

संजीवनी आणि मी कॉलेजात एका वर्गात. ती पहिल्या पाचात, मी कुठेतरी मध्ये. नोकऱ्या दोघांना एकाच वर्षी लागल्या. आमची मुलगी जिज्ञासा जन्मली तेव्हा दोघांपैकी एकानं घरी राहायचं ठरलं, आणि कोणी राहायचं हा प्रश्न कोणी विचारलाच नाही, मीही नाही. त्याला सात वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी मी एका गुंत्यात अडकून टेबलावर हात आपटत बसलो होतो. ती लसूण सोलता सोलता मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "उठ जरा." वीस मिनिटांत गुंता सुटला. तेव्हापासून मी घरून काम करत असलो आणि पोरगी शाळेत गेली, की दोन ते चार ती माझ्या खुर्चीत. सुरुवातीला मी थँक्यू म्हणायचो. पुढे पुढे "एवढं बघून ठेव" म्हणायला लागलो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच, आणि या नागोबाला तीन वर्षांत दोन प्रमोशनं मिळाली.

तिचं मागणं एकच होतं. "तुमच्याकडे जागा निघाली तर माझं नाव सांगशील ना? बाहेर कुठे गेले की सात वर्षांचा गॅप बघूनच परत पाठवतात."

"सांगतो की," मी म्हणायचो. जागा दोनदा निघाली. दोन्ही वेळा मी विसरलो, असं मी स्वतःला सांगितलं.

आता क्लाउडमध्ये फाइल उघडली, की कोण कुठे टाइप करतंय ते सगळ्यांना दिसतं. प्रत्येकाचा कर्सर वेगळ्या रंगाचा, त्यावर नावाची चिठ्ठी. माझ्या मशीनला घराच्या चार भिंतींचा आडोसा होता, तो गेला. मला भीती होती ती एवढीच.

आणि भीती खरी व्हायला महिनासुद्धा लागला नाही. बुधवार होता, मी घरी होतो. आमचं सॉफ्टवेअर औषधांच्या गोदामांना सांगतं, की कुठली खोकी आधी बाहेर काढायची. दुकानांतून परत आलेला माल त्यात मिसळला, की सगळा क्रम बिघडत होता. अल्पेश सरांना, म्हणजे आमच्या मॅनेजरना, ते चारपर्यंत दुरुस्त करून हवं होतं. माझ्या लॅपटॉपचा पंखा घरघर करत होता. मी घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर माझ्या नावानं लॉगिन केलं, संजीवनीला म्हणालो, "एवढं बघून ठेव," आणि चिखलोलीतल्या आमच्या घरून रिक्षा करून उल्हासनगरला गेलो, कॅम्प तीनमध्ये, लॅपटॉप दाखवायला.

दुकानदारानं लॅपटॉप उघडून स्क्रू झाकणात काढून ठेवले, तेवढ्यात किर्तीचा फोन आला.

"सर, डिस्टर्ब नाही ना केलं? मी तुमच्या फाइलमध्ये आलेय. तुम्ही लिहिताय ते बघतेय नुसतं. थांबू नका हं."

माझ्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्यात पावती.

"सर, बोलता बोलता पण टाइप करताय? भारी आहे!"

"हं," मी म्हणालो.

'मी बाहेर आहे किर्ती, लिहितेय ती माझी बायको.' केवढंसं वाक्य. ते तोंडातून निघालं नाही. मागून टेम्पोवाल्यानं हॉर्न मारला. किर्तीनं विचारलं कसला आवाज, तर मी म्हणालो, खिडकी उघडी आहे.

"थांबा, अल्पेश सरांना पण बोलावते," ती म्हणाली आणि फोन स्पीकरवर टाकला. बघता बघता सहाजण त्या फाइलमध्ये जमले. किर्ती मला सांगत होती, सर, तुम्ही आता हे केलंत, आता ते खोडलंत. मी दुकानाच्या पायरीवर उभं राहून माझ्याच कामाची कॉमेंट्री ऐकत होतो.

सगळ्यांना वाचता यावं म्हणून किर्तीनं फाइलशेजारच्या चॅटमध्ये विचारलं, परत आलेला माल आधी का घेतला. उत्तर आलं ते तिनं मोठ्यानं वाचलं, "घरी कालची भाजी आधी संपवतो, तसं."

सगळे खदखदून हसले. "अभिजीत, वहिनींच्या हाताखाली स्वयंपाक शिकतोस वाटतं!" अल्पेश सर म्हणाले. मीही हसलो. आमच्या घरी कालची भाजी कुठल्या डब्यात असते, हे मला आजही माहीत नाही.

"ऐक ना," सर मग म्हणाले, "तुझ्यासारखा आणखी एक माणूस हवाय मला. घरून काम केलं तरी चालेल. मध्ये गॅप असला तरी माझी हरकत नाही. आहे कोणी ओळखीत?"

"नाही सर," मी म्हणालो. "असं कोणी नाही."

एक सेकंदही लागला नाही मला. ती टीममध्ये आली असती तर आठवड्याभरात सगळ्यांना कळलं असतं, की कुठला हात कोणाचा. माझ्या बायकोची सात वर्षं एका बाजूला आणि माझी इज्जत दुसऱ्या बाजूला, आणि मी काय उचललं ते सांगितलं. लाज वाटली का? तेव्हा नाही. तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच आता जास्त लाज वाटते.

मी फोन ठेवला. "साहब, पंखा कल मिलेगा," दुकानदार म्हणाला. मी लॅपटॉप तिथेच ठेवून घरी आलो.

संजीवनीनं दार उघडलं. तिचे गाल लाल झाले होते. कॉलेजात निकालाच्या दिवशी व्हायचे तसे.

"अभि, सहाजण होते! मी घाबरले आधी, सगळीकडून रंगीत कर्सर यायला लागले. मग ती किर्ती विचारायला लागली. हुशार आहे रे पोरगी. मी सांगत गेले, तिला कळत गेलं. किती वर्षांनी कोणीतरी मला कामातलं काही विचारलं."

"बरं झालं," मी म्हणालो. "सगळं झालं ना?"

"झालं. चारच्या आत." ती स्वयंपाकघराकडे वळली आणि थांबली. "तू फोनवर होतास त्यांच्याबरोबर?"

मी बूट काढत होतो. काढतच राहिलो.

"शेवटी अल्पेश सरांनी चॅटमध्ये सगळ्यांना विचारलं, एक जागा आहे, कोणाच्या ओळखीत कोणी आहे का. मला राहवलं नाही. तुझ्या नावानं लिहिलं, माझी बायको आहे, सात वर्षं घरी आहे, पण तिला हे येतं, एकदा बोलून बघाल का. दोनदा खोडलं, मग पाठवलं." ती भिंतीकडे बघून बोलत होती. "तर त्यांनी लिहिलं, अरे, आत्ता फोनवर तर म्हणालास, असं कोणी नाही."

"संजू, तिथे गडबड होती, मला नीट ऐकू..."

"सगळे उत्तराची वाट बघत होते," ती म्हणाली. "तू खोटा पडला असतास सगळ्यांसमोर. म्हणून मग मी लिहून टाकलं काहीतरी. बघून घे एकदा, उद्या कोणी विषय काढला तर तुला माहीत असू दे."

आवाजात राग असता तर मला भांडता आलं असतं. ती कुकर लावायला गेली.

मी कॉम्प्युटरसमोर बसलो. खुर्ची अजून गरम होती. चॅटमध्ये शेवटचा मेसेज माझा होता, खाली अल्पेश सरांचे आणि आणखी तिघांचे हसरे चेहरे.

'सॉरी सर, गंमत केली. तिला कुठे काय येतंय, सात वर्षं भांडीच घासतेय.'

"तुझ्यासारखं वाटतंय ना?" आतून संजीवनीनं विचारलं. "की बदलू काही?"

मी म्हणालो, "नको."