काकूंची मागची जागा

मित्रांनो, मोटारसायकल दिसली की तुम्ही तिचा दिवा बघता, टाकी बघता, चाकं बघता. मागच्या गादीकडे कोण बघतं? बसण्याआधी कोणी बघत नाही आणि बसल्यावर तर प्रश्नच मिटतो. अशीच एक मागची गादी म्हणजे मी.

मी जन्मले तेव्हा पुढची आणि मागची गादी एकच होती. खाली पत्रा, त्यावर फोम, वर काळं रेक्झीन. सपाट आणि साधी. मला घरी आणलं वेल्डरकाकांनी. पहिल्याच दिवशी काकू माझ्यावर बसल्या.

"नीट धरून बस गं," काका म्हणाले.

"धरलंय. तुम्ही पुढे बघा."

गाडी निघाली की काकू हळूहळू पुढे सरकायच्या. एक हात काकांच्या कमरेला, गाल त्यांच्या पाठीला. मग त्यांच्या बोलण्याला जो पूर यायचा! शेजारीण कशी फणकारली, दूध कसं उतू गेलं, लेकीला मार्क किती पडले. काका नुसते "हं" म्हणायचे. घरी ते दमून यायचे, जेवायचे आणि आडवे व्हायचे. त्यामुळे त्या दोघांच्या गप्पा व्हायच्या त्या माझ्यावरच. याचा मला फार अभिमान वाटे.

पुढे लेक लग्न होऊन गेली आणि काकू आजारी पडल्या. औषध चढवून घ्यायला त्यांना सारखं इस्पितळात जावं लागे. येताना खड्डा लागला की त्या दात आवळून घेत. काकांचा जीव कासावीस होई. ते घाबरले, आणि घाबरलेला वेल्डर काय करणार? त्यांनी हत्यारं काढली.

सीटवाल्याने मला मधोमध कापलं. फोमचे जादा थर घालून मला उंच केलं. ब्रेक लागला तर काकू घसरू नयेत म्हणून माझ्या पुढच्या कडेला उंचवटा केला. काकांनी स्वतः पाठीमागे लोखंडी चौकट जोडली, तिला उशी बांधली आणि दोन्ही बाजूंना धरायला दांड्या लावल्या. गल्लीतले लोक म्हणाले, "काका, हे तर सिंहासनच केलंत!" मीही फुगले.

"आता मागे टेकून आरामात बस," काका म्हणाले. "मला धरायचीसुद्धा गरज नाही."

काकू हसल्या. "छान केलंय हो."

पण त्यांचा भार मला कळत होता. त्या मागे टेकतच नव्हत्या. उंचवट्याला खेटून बसायच्या, तरी गाल काकांच्या पाठीपर्यंत पोचत नसे. बोलणं वाऱ्यावर जाई. "काय म्हणालीस?" काका ओरडून विचारत. "काही नाही." हळूहळू काकूंनी बोलणंच सोडलं.

एकदा सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, पूर्वीसारखीच गादी करा ना."

"टोचतंय का? अगं, मग आधी नाही का सांगायचंस! अजून एक थर घालतो."

आणि घातलाच. मी आणखी उंच झाले, काकू आणखी लांब गेल्या. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

मग काकूंना इस्पितळात ठेवून घेतलं. लेक माहेरी आली. डबा घेऊन काकांच्या मागे बसली आणि इस्पितळाशी उतरताना म्हणाली, "बाबा, एक सांगू? आई म्हणते, हल्ली गाडीवर एकटीच असल्यासारखं वाटतं. तुमच्या पाठीला टेकलं की तिचं दुखणं कमी व्हायचं. तुम्ही एवढ्या हौसेने केलंत, म्हणून ती स्पष्ट बोलली नाही."

काकांनी लेकीला डबा घेऊन आत पाठवलं आणि गाडी तिथूनच घराकडे वळवली.

घरी येऊन त्यांनी ग्राइंडर लावला आणि चौकट कापून काढली. ठिणग्या उडत होत्या. जन्मभर वेल्डिंग केलेला माणूस, पण त्या दिवशी डोळ्यांना चष्मा लावायचं विसरला. सीटवाल्याने थर काढून मला पुन्हा सपाट शिवलं. दुसऱ्या दिवशी इस्पितळातून बाहेर येताना काका लेकीला म्हणाले, "सांगितलं तिला. म्हणाली, घरी जाईन तर त्याच गादीवरून."

काकूंना घरी सोडणार होते त्या सकाळी काकांनी मला स्वच्छ पुसलं आणि गाडी इस्पितळाच्या दाराशी लावली. पण काकू घरी आल्या त्या रुग्णवाहिकेतून, पांढऱ्या चादरीखाली. त्या गाडीच्या मागोमाग काका हळूहळू येत होते, आणि मी रिकामी होते.

काल संध्याकाळी अंगणात काका माझ्यावर येऊन बसले. मागे, काकूंच्या जागेवर. मग थोडे पुढे सरकले. पण गाल टेकवायला पुढे कोणाची पाठ नव्हती. लेकीने जेवायला दोनदा हाक मारली, तरी ते उठले नाहीत.

मित्रांनो, आपल्या माणसाला सुख द्यायला निघालात तर हत्यार उचलण्याआधी त्यालाच विचारा. आणि ते काही अर्धवट बोललं, तर थांबून पुरतं ऐकून घ्या. मला पुन्हा सपाट करणं फार अवघड नव्हतं हो. एका दुपारचं तर काम होतं.