कासाहोरींचे पाच तारे

माझं काम काय असं कोणी विचारलं की मी सांगतो, मी हरतो. पगार घेऊन हरतो. आमची नागोयातली कंपनी जुन्या जपानातल्या लढायांचा संगणकावरचा एक खेळ बनवते. त्यात चाळीस सरदार घराणी आहेत. खेळणाऱ्याने त्यातलं एक निवडायचं आणि जमलं तर सगळा देश जिंकायचा. कुठलं घराणं नवख्याला झेपेल आणि कुठलं घेतलं तर रडायची पाळी येईल, हे ठरवायचं काम माझं आणि माझ्या सहकारी सेगावासान यांचं. प्रत्येक घराणं खेळातली दहा वर्षं तगवून बघायचं आणि एक ते पाच तारे द्यायचे. एक तारा म्हणजे डाव्या हाताचा मळ. पाच तारे म्हणजे ज्याला जीव नकोसा झालाय त्यानंच घ्यावं.

दक्षिणेकडचं एक घराणं आहे, बंदर आहे, बंदुका आहेत, पाठीशी समुद्र आहे. एक तारा. उत्तरेतल्या एका घराण्याचा सरदार वाघ, पण वर्षाचे पाच महिने बर्फ, फौज दाराबाहेर पडत नाही. तीन. राजधानीजवळचं एक गडगंज, पण चारही शेजारी टपलेले. मी चार म्हणालो, सेगावासान म्हणाल्या दोन.

"दोन नवरे सोडलेत मी," त्या म्हणाल्या. "तह कसा करायचा ते मला शिकवू नकोस."

त्या माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या. तोंडाने तिखट, पण हिशोबाला पक्क्या.

यादीत शेवटी कासाहोरी होते. एक किल्ला, नऊशे माणसं. बंदर नाही, खाण नाही, आणि खाली खोऱ्याच्या तोंडाशी सहा हजारांची फौज घेऊन बसलेले ओगितानी. हे एवढंसं घराणं खेळात कोणी घातलं देव जाणे. यादी पाहिल्यावर मी सेगावासानना म्हणालो, हे मी एकटाच खेळतो. कारण मी तिथला. उराशिरो हे माझं गाव त्या किल्ल्याच्याच पायथ्याशी आहे.

साडेचारशे वर्षांपूर्वी ओगितानींचा दूत वर आला होता. मान तुकवा, थोरला मुलगा ओलीस ठेवा, किल्ला तुमचाच राहील, असा निरोप होता. कासाहोरींनी दुताचं डोकं भादरून त्याला परत पाठवलं. मग वेढा पडला. एक्केचाळीस दिवसांनी ओगितानींना किल्ल्याला पाणी पुरवणारा झरा सापडला आणि त्यांनी पाणी तोडलं. तीनशे बारा माणसं गेली, त्यात त्या थोरल्या मुलासकट सगळी पोरं. आमच्या गावात ही गोष्ट दुःखाने सांगत नाहीत, छाती काढून सांगतात. दर नोव्हेंबरात, पाणी तुटलं त्या दिवशी, ज्याला आम्ही पाण्याचा दिवस म्हणतो, पहाटेपासून संध्याकाळी देवळाची घंटा होईपर्यंत गावात कोणी पाण्याचा थेंब घेत नाही. भाजलेले कोरडे तांदूळ चघळायचे आणि गप्प बसायचं. लहानपणी एकदा मी चोरून नळाला तोंड लावलं होतं. बाबांनी मारलं नाही. फक्त म्हणाले, "ओगितानीची पोरं असतात अशी." मार परवडला असता.

बाबा म्हणजे जुनकिची कुवाबारा, वय एकोणऐंशी, गावच्या पंचायतीचे एके काळचे अध्यक्ष. आता गावात एकोणीस माणसं उरली आहेत. दुकान नाही, बस नाही, दवाखाना नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी बाबांचं हृदय एकदा थांबता थांबता राहिलं. तेव्हापासून मी त्यांच्या मागे लागलो होतो की खाली ओगितानीत, म्हणजे त्याच घराण्याच्या नावाच्या शहरात, म्हाताऱ्यांसाठी चांगलं घर आहे, शेजारी हॉस्पिटल आहे, बर्फ पडायच्या आत उतरा. नागोयाला माझ्याकडे यायला त्यांनी आधीच नकार दिला होता. माझी खोली बघून ते म्हणाले होते, यात कोंबडी तरी राहील का.

ऑक्टोबरात फोनवर सहज सांगितलं की आपले कासाहोरी खेळात आलेत.

"मग? जिंकले का?"

"जिंकायचं कुठलं, बाबा. दहा वर्षं तगले तरी खूप."

"तगणार नाहीत," ते खूश होऊन म्हणाले. "तू दहा वर्षं तगवून दाखव. मी खाली उतरतो. शब्द."

त्यांनी तो चेष्टेत दिला होता. मी तो चेष्टेत घेतला नाही. बाबा हेकट आहेत, पण दिलेला शब्द त्यांनी कधी मोडलेला मी पाहिला नव्हता.

त्यानंतर सहा आठवडे मी कासाहोरी खेळलो. एकूण सत्तेचाळीस वेळा. खेळात तिसऱ्या महिन्यात दूत येतोच. मी नकार देऊन तटबंदी वाढवली, मेलो. नकार देऊन रात्रीचा छापा घातला, मेलो. दुसरा झरा खणला, धान्य साठवलं, पलीकडच्या घराण्याची मदत मागितली, अरुंद खिंडीत दगड रचले. सगळ्यात जास्त तगलो ते दोन वर्षं चार महिने. मी सेगावासानना सांगून टाकलं, पाच तारे, सहावा असेल तर तोही.

त्यांनी माझ्या सगळ्या डावांची नोंद चाळली. जेवणाची सुट्टी होती, त्यांच्या हातात भाताचा गोळा होता.

"कुवाबारा, तू प्रत्येक वेळी नकारच का दिलास?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? इथे दोन बटणं आहेत. एकावर नाकारा लिहिलंय, दुसऱ्यावर मान तुकवा. दुसरं तू एकदाही दाबलेलं नाहीस."

 खोटं वाटेल, पण ते बटण मला दिसलंच नव्हतं. म्हणजे डोळ्यांना दिसत होतं, पण ते आपल्यासाठी आहे असं सत्तेचाळीस वेळांत एकदाही मनात आलं नाही. असं होऊ शकतं हे उराशिरोच्या माणसाशिवाय कोणाला पटणार नाही.

सेगावासाननी एका हाताने भात खात दुसऱ्या हाताने मान तुकवली. मुलगा ओलीस गेला. ओगितानींनी खालून धान्य पाठवलं, रस्ता बांधला. पाचव्या वर्षी ओगितानी दुसऱ्याच लढाईत गुंतले, सातव्या वर्षी मुलगा परत आला, लग्न करून. दहाव्या वर्षी कासाहोरींकडे तीन किल्ले होते आणि खोऱ्यात चार हजार माणसं. सुट्टी संपायला अजून वीस मिनिटं होती.

"दोन तारे," त्या बोटं पुसत म्हणाल्या. "तुझे पूर्वज जरा वाकले असते तर आज तू जहागीरदार असतास."

मी हसलो. मग स्वच्छतागृहात जाऊन बराच वेळ उभा राहिलो, कारण मला आई आठवली होती.

वीस वर्षांपूर्वी सरकारने लहान गावांना शेजारच्या शहरांत विलीन व्हायला सांगितलं. आमच्यासमोर ओगितानी शहर होतं. त्यांच्या कागदात लिहिलं होतं की शाळा चालू ठेवू, दवाखाना चालू ठेवू, खिंडीच्या पायथ्याला रुग्णवाहिकेची चौकी बांधू. पंचायतीत मतं समसमान पडली आणि निर्णय अध्यक्षांवर आला. अध्यक्ष बाबा. त्यांनी उठून एवढंच म्हटलं, "आम्ही उराशिरोची माणसं. मोडू, पण वाकणार नाही." लोक टाळ्या वाजवून रडले. चौकी पलीकडच्या खेड्याला मिळाली. आधी दवाखाना गेला, मग शाळा, मग बस. सातव्या वर्षी आईच्या डोक्यात रक्तस्राव झाला. रुग्णवाहिका ओगितानीहून निघाली आणि पंचावन्न मिनिटांनी पोचली. चौकी असती तर बारा मिनिटं. हा आकडा घरात कोणी उच्चारत नाही. मीही नाही.

पाण्याच्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन वर गेलो. बाबा कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाच्या, गोधडीत पाय घालून बसले होते, समोर बशीत भाजलेले तांदूळ. ओठ सुकले होते.

"डॉक्टर म्हणालेत ना, तुम्ही तहानलेलं राहायचं नाही?"

"डॉक्टर कुठला?"

"ओगितानीचा."

"मग झालं तर."

मी लॅपटॉप उघडला. बाबांनी चष्मा चढवला. पडद्यावर किल्ला दिसला तेव्हा त्यांनी नकळत हात जोडले. "दरवाजा पूर्वेला हवा," ते पुटपुटले. तिसऱ्या महिन्यात दूत आला.  मी मान तुकवली.

 मुलगा घोड्यावर बसून खोरं उतरला. वर्षं सरकत गेली. भातशेती वाढली, घरं वाढली, खिंडीतून रस्ता आला. दहावं वर्ष संपलं आणि मी हात मागे घेतले.

"खालचा तो आकडा कसला?"

"खोऱ्यातली माणसं. चार हजार शंभर."

"चार हजार," बाबा म्हणाले. खिडकीतून समोरची घरं दिसत होती. सातांपैकी एकातूनच धूर निघत होता. "पोरंही धरली आहेत त्यात?"

"सगळी."

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि आकडा पुन्हा वाचला. मला वाटलं, जमलं. मी हळूच म्हणालो, "बाबा, तुम्ही शब्द दिला होता. खोली राखून ठेवायला सांगितलंय मी. उद्या सामान बांधू."

"पुन्हा सुरू कर."

मी पुन्हा सुरू केलं. दूत आला. बाबांनी माझा हात बाजूला सारला आणि वाकड्या बोटाने स्वतः नकाराचं बटण दाबलं. दूत परत गेला. वेढा पडला. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला, पाणी तुटेपर्यंत, झेंडा पडेपर्यंत.

"तुझी आई त्या मतदानाच्या आदल्या दिवशी मला म्हणाली होती," ते पडद्यावरून नजर न हलवता बोलले. "म्हणाली, अहो, वाका की जरा, कंबर काही मोडत नाही. मी ओरडलो तिच्यावर. मतदानानंतर ती त्यावर एक अक्षर बोलली नाही. जाताना, त्या पंचावन्न मिनिटांत, मी तिचा हात धरून बसलो होतो. तेव्हाही नाही बोलली."

आकडा त्यांना पाठ होता. मला वाटत होतं तो एकट्या मलाच पाठ आहे.

"बाबा, म्हणूनच म्हणतो ना. चला."

"हारु, मी आता खाली उतरलो, तर याचा अर्थ तेव्हाही उतरता आलं असतं. मग ती कशासाठी गेली?"

 मला उत्तर सुचलं होतं, पण मुलाने बापाला द्यायचं ते उत्तर नव्हतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे त्या पिळालाच धरून माणूस उभा होता. तो सोडला असता तर राख खाली बसली असती.

"शब्द मोडतोय मी," बाबा म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा. माफ कर." आणि ते माझ्यापुढे, स्वतःच्या मुलापुढे, कपाळ चटईला टेकेपर्यंत वाकले. आयुष्यभर जी मान मी ताठ पाहिली होती तिची मागची बाजू मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. बारीक झाली होती. मला ते सहन झालं नाही. मी त्यांना खांद्याला धरून उठवलं. घंटा व्हायला तीन तास होते. मी पाणी आणू का विचारलं, त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

सोमवारी मी यादी पुरी केली. कासाहोरी, पाच तारे. सेगावासान भडकल्या.

"डोकं ठिकाणावर आहे का? मी भात खाता खाता तगवलंय ते."

"तुम्ही तगवलंत कारण तुम्ही तिथल्या नाही. जो माणूस चाळीसांतून कासाहोरी निवडेल तो वाकणारच नाही. वाकणाऱ्याला ते घराणं आवडत नाही."

त्यांनी यादी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "वडील आले का खाली?" मी नाही म्हटलं. त्यांनी पाच तारे राहू दिले.

बाबा जानेवारीच्या शेवटी गेले. बर्फ काढताना, फावडं हातात. शेजारच्या म्हातारीने फोन केला. रुग्णवाहिकेला त्या दिवशी सत्तर मिनिटं लागली, पण पाच लागली असती तरी फरक पडला नसता असं डॉक्टर म्हणाले. ते खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून, मी विचारलं नाही.

उराशिरोत स्मशानभट्टी नाही. वीस वर्षांपूर्वी होती, तीही बंद झाली. जवळची म्हणजे ओगितानी शहराची. तिथे खिडकीतल्या मुलीने कमरेतून वाकून सांत्वन केलं आणि एक कागद पुढे सरकवला. शहरातल्यांना आधी वेळ मिळते, बाहेरच्यांना जागा असेल तशी, असं तिने फार हळू आवाजात सांगितलं. थंडीमुळे मृत्यू वाढले होते. बाबांना सहा दिवस थांबावं लागणार होतं, ओगितानीच्याच शीतगृहात.

शेवटी उतरले ते खाली.

कागदावर दोन चौकटी होत्या. एकीपुढे शहरातले, दुसरीपुढे बाहेरचे. मुलगी खालमानेने म्हणाली, "काकांचा पत्ता कधी शहरात होता का? एखाद्या नातेवाइकाकडे वगैरे? असेल तर उद्याच करता येईल." ती मला वाट दाखवत होती. म्हाताऱ्यांच्या त्या घरात बाबांच्या नावाने खोली राखून ठेवली होती आणि ते पत्र माझ्या खिशात होतं. मी ते काढून पुढे केलं असतं तर बास होतं.

माझा हात खिशाकडे गेला नाही. मी पेन उचललं आणि दुसऱ्या चौकटीत खूण केली.

बाबांचा मला त्या क्षणी भयंकर राग आला होता. आईला मारलं, गाव मारलं, आता मेल्यावरही सहा दिवस बर्फात पडून राहणार. आणि तरीही खूण करताना माझी छाती भरून आली होती, पाण्याच्या दिवशी भरून येते तशी. त्या अभिमानाची मला जेवढी भीती वाटली तेवढी आजवर कशाचीच वाटलेली नाही.